दोन इंच पुरे

९ एप्रिल
भट्टी! जेवताना नृसिंह म्हणाले, वरची खोली म्हणजे भट्टी, मे महिन्यात पोरगी राहणार कशी? तोवर समजूत घालून सासरी परत पाठवू. लेकीच्या, सईच्या तोंडावर! नवरा हात उगारतो म्हणून ती माहेरी आली, हे तिने स्वतः सांगून झालं आहे. आणि बापाला काळजी कसली, तर स्लॅबची. खाली बैठकीत झोपते बिचारी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत.
ठरलं. वरची खोली गार करायची. मग काय सबब काढतात बघू.

१२ एप्रिल
ठेकेदार गुरुप्रसाद येऊन गेला. छताला आतून चार इंच फोम लावा म्हणाला. चारच का? ‘मॅडम, जितकं जाड तितकं गार.’ असं उत्तर कॉन्व्हेंटमध्ये दिलं असतं तर सिस्टरांनी बाकावर उभं केलं असतं. हे कोल्हापूर आहे, लडाख नाही. ऊन वरून येतं — आधी वरच अडवायला नको?

१५ एप्रिल
अर्ध्या गच्चीला पांढरा रंग दिला. शेजारच्या आक्का खवळल्या. चटणीच्या मिरच्या दर उन्हाळ्यात त्या आमच्याच गच्चीवर घालतात. गल्लीत एवढी तापणारी दुसरी नाही म्हणे. ‘व्हय वो बाई, आता मिरची काय तुमच्या डोक्यावर वाळवू?’ म्हटलं, आज दोन्हीकडे पसरा.

१६ एप्रिल
संध्याकाळी मिरच्या मोडून पाहिल्या. जुन्या बाजूच्या कडकन तुटल्या. पांढऱ्या बाजूच्या नुसत्या वाकल्या. ऊन तेच, मिरच्या त्याच!
आक्का बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘रंगवा सगळी. आमी आमच्या पत्र्यावर टाकतो.’ जिन्यात थांबून, हळू — ‘पोरगी ऱ्हाऊ दे की हितंच.’
त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. बरं वाटलं.

२१ एप्रिल
गच्ची पूर्ण पांढरी. आत छताच्या एका बाजूला दोन इंच फोम, दुसऱ्या बाजूला चार इंच लावायला लावला. भर दुपारी स्टुलावर चढून दोन्हीकडे तळहात टेकवला. गुरुप्रसादलाही चढवलं. फरक सांगता येईना त्याला! दोन इंच पुरे. उरलेली धग पश्चिमेच्या खिडकीतून येते. तिला छत कितीही जाड केलं तरी काय होणार? बाहेरून बांबूचा पडदा सोडला. ऊन उतरलं की तो वर गुंडाळायचा आणि खिडक्या सताड उघडायच्या.
नृसिंह एकदाही वर फिरकले नाहीत.

२२ एप्रिल
सईची गादी वर नेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

४ मे
दुपारी जावयाचा फोन. नृसिंहांनी घेतला. मी लाटणं हातात धरून ऐकत होते. बराच वेळ नुसतं हं, हं. मग फोन तसाच कानाला लावून जिना चढले. सई आता कडी लावत नाही; वर दार हळूच ढकलल्याचा आवाज आला. खाली आले ते हळू, पाय न वाजवता.
‘सई झोपलीय,’ फोनवर जावयाला म्हणाले. ‘उठवणार नाही. आणि पाठवणार तर नाहीच.’