‘येस मी’

खापर, रविवार, दिवेलागण

धाकटा मुलगा सकाळी सुरतला निघताना ‘येस मी’, येतो मी, म्हणाला. ‘जातो’ कोण म्हणतं? पण सुमनजवळ शब्दाला एकच अर्थ. तिशीची माझी पोर दिवसभर ओट्यावर वाट बघत, भाकरी तशीच. शाळेत शिकवताना कवितेत श्लेष सापडला की मी हरखायचो, आणि घरात हे...

शेवटी म्हटलं, “सुमन, भाऊ गया. दिवाळीले येई. मी दूध लेवाले जास.”

शेजारीण ओरडली, “आबा, ‘जास’ म्हनू नका, अभद्र शे!”

सुमन मात्र उठली, जेवायला आत गेली.

तिची आई दवाखान्यात जाताना ‘येस’च म्हणाली होती. आली नाही.

दूध घेऊन परतलो, ओटा रिकामा. बरं वाटलं. तरी मीच तिथून रस्त्याकडे बघत उभा राहिलो. मला तर दोन्ही अर्थ कळतात.