मूठभर गहू

आई,

घरात गहू नाही. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे तुझा काय संताप व्हायचा तो होऊन जाऊ दे. गव्हाच्या डब्यात आता वरीचे तांदूळ आहेत. रवा नाही, मैदा नाही, शेवया नाहीत. दूध, दही, तूप, लोणी, पनीर, काही म्हणजे काही नाही. चहा कोरा होतो. तू ज्याला गरिबाघरचा चहा म्हणायचीस ना, तोच मी, नवरा आणि पोर असे आम्ही तिघं सकाळी पितो, गवती चहा आणि आलं घालून, आणि आम्हाला काही झालेलं नाही. हे सगळं तुझ्या नातीसाठी केलंय आणि कुणाला विचारून केलेलं नाही. तुलाही विचारत नाहीये. कळवतेय फक्त.

तुला हे ऐकवणं म्हणजे काय, ते मला कळतं गं. हयातभर तू चपात्या लाटल्यास. शाळा सुटली की मी विक्रोळीच्या त्या कंपनीच्या कँटीनमध्ये मागच्या दाराने शिरायचे. अजून दिसतं मला. आत नुसता उकाडा आहे, तुम्ही बायका ओळीने पाटांवर बसला आहात, तुझे हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे आहेत आणि कपाळावरचा घाम तू खांद्याने पुसते आहेस, कारण हात रिकामा नाही. बाबा गेल्यावर आपण दोघी त्या चपात्यांवर जगलो. एकदा मी अर्धी चपाती ताटात तशीच ठेवून उठले, तर सगळ्या बायकांसमोर तू माझं मनगट धरून मला परत खाली बसवलंस. "टाकतेस? गावाला आम्हाला गहू सणाला दिसायचा. खा. नखरे आपल्याला परवडत नाहीत." मी रडत रडत खाल्ली. त्या दिवसापासून ताटात पडेल ते गिळायची सवय लागली मला, आणि मुलीलाही मी तीच लावत होते. तुझ्या मांडीवर बसून ती दूध-चपातीचा काला खायची, तेव्हा तू म्हणायचीस, बघ, नात कशी राणीसारखी जेवते. गावाकडून निघून तुला जिथे पोचायचं होतं, ते त्या वाटीत होतं. दूध आणि गहू.

आता ऐक. तुझी ही राणी नववीत गेल्यापासून खंगायला लागली. पोट फुगायचं, केस गळायचे, चेहरा पांढराफटक. उंची जिथल्या तिथे. जो तो शहाणपण शिकवायचा. कुणी म्हणे डाएट करते, कुणी म्हणे मोबाइल काढून घ्या, कुणी म्हणे दृष्ट काढा. मी तीही काढली, खोटं कशाला बोलू. आणि अंगात ताकद यावी म्हणून आणखी एक चपाती वाढत राहिले, वर दुधाचा पेला. शेवटी मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि सांगितलं, सिलिअॅक आहे. गव्हातलं जे चिकट असतं, ते हिचं आतडं सोलून काढतंय. गहू आयुष्यभर बंद. दूधही बंद, निदान आतडं भरून येईपर्यंत, पुढचं पुढे बघू. मी विचारलं, थोडंसं चालेल का हो? त्या म्हणाल्या, कणभरसुद्धा नाही. घरी येताना रिक्षात पोरगी माझ्याकडे बघत म्हणाली, "मम्मी, मग मी खाऊ काय? हवा?"

पहिले काही महिने वाट लागली आमची. पाव बंद, बिस्किट बंद, वडापाव, पावभाजी, पिझ्झा, केक, आईस्क्रीम बंद. डब्यातल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, हे मला या वयात कळलं. मी राजगिरा, वरी, साबुदाणा सुरू केलं तर ती भडकली. "मी काय जन्मभर एकादशी करू?" मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आणि सगळ्या केक खात असताना उपास आहे म्हणून सांगितलं. पुढच्या वाढदिवसालाही तेच. एक जण हसून म्हणाली, "यार, तुझा रोजच उपास कसा गं?" तिसऱ्या बोलावण्याला ती गेलीच नाही. सोळा वर्षांची पोर संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला त्या केकचाही राग आला, गव्हाचाही, आणि खरं सांगते, तुझाही.

मग मी पदर खोचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लाकडात पीठ मुरतं, जुनी लाकडी भांडी बाजूला करा. लग्नात तू मला पोळपाट-लाटणं दिलं होतंस, तुझ्या हातांनी गुळगुळीत झालेलं. ते मी देऊन टाकलं. हो, दिलं. खालच्या मजल्यावरची नवी नवरी वापरते. चक्कीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू अडकलेले असतात, म्हणून घरघंटी आणली, तिच्यात फक्त तांदूळ, नाचणी आणि डाळी. आणि मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की जे हिला चालतं, ते सगळं तू मागे टाकून आलेलं आहे. घावणे, आंबोळ्या, तांदळाची भाकरी, नाचणीची पेज, नारळाचा रस, सोलकढी, माशाची आमटी. तू इथे येऊन ज्यातून आम्हाला वर काढलंस, तेच पोरीला मानवतं. म्हणजे तुझ्या हिशोबाने मी तिला मागे नेते आहे. नेतेच आहे. तिच्या गालांवर मांस दिसायला लागलं, तेव्हा मागेबिगे काही सुचत नाही गं.

मग गेल्या वर्षी पितृपक्षात तुझा म्हाळ आला. तुला मुलगा नाही, तेव्हा म्हाळ मीच घालते, हे तुला माहीत आहे. भटजींनी नाक मुरडलं, तर मुरडू दे. कांजूरहून मावशी दर वर्षी येते, तिच्याच हातचे वडे लागतात सगळ्यांना. तुझी धाकटी बहीण, तुझीच तालीम, अजून तुझ्या शब्दाबाहेर नाही. वड्यांचं पीठ ती घरून दळून आणते. मी तिला फोनवर बजावलं होतं, गहू नको. आल्यावर परत विचारलं. "नाय गो बाय, तांदळाचा पीठ आसा," म्हणाली. पोरगी किती महिन्यांनी पोटभर जेवली म्हणून सांगू! काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वड्यावर वडा. ही हसतेय, मावशी कढईतून काढून गरम गरम वाढतेय, मी नुसती बघत उभी. दुसऱ्या दिवशी पोर उभी राहू शकत नव्हती. उलट्या, पोटात मुरडा, तोंड आलेलं, कॉलेजची परीक्षा बुडाली. मावशी भेटायला आली आणि पलंगाशी बसून रडत म्हणाली, "मूठभर गव्हान काय होता गो? ताई घालायची. वडे फुगूक होये म्हणान घातलंय." मुठीला ती गहू मानतच नव्हती, आई. तू शिकवलेली मूठ होती ती, रीत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणावर ओरडायचं?

पण त्यानंतर पोरीने कुणाच्या हातचं खाणं सोडलं. माझ्याही. वाटी पुढे केली की पहिला प्रश्न, "यात काय आहे?" तोच प्रश्न परत. मग डबा दाखव, पाकीट दाखव. बटाटे स्वतः उकडून खायची, केळी खायची, आणि उठून जायची. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, आमच्या घरी तर ताकही नाही. आतडं भरायला लागलं होतं, पण जेवणाच्या वेळी ही आमच्यातली राहिली नव्हती. घरातच पाहुणी झाली होती माझी मुलगी. दुखणं मी निस्तरलं असतं, हे मला सहन होईना.

म्हणून या वर्षी मी ठरवलं. तिच्यासाठी वेगळं काही करायचं नाही. जे तिला चालतं तेच सगळ्यांना, आणि तुझ्या पानावरही तेच. मावशीला सांगितलं, रिकाम्या हाताने ये. सकाळी ती आली, ओट्यावर नारळाच्या दुधाची खीर बघितली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ताईच्या पानार दुधाची खीर नाय? तूप नाय? वर्सातना एकदा येता ती. उपाशी जातली." मी म्हटलं, "मावशी, मेलेल्या माणसाचं पोट दुखत नाही. माझ्या पोरीचं दुखतं." मला वाटलं, आता ही चपला घालून निघणार. ती निघाली नाही. तिने हात धुतले, नखांतसुद्धा घासून धुतले, आणि दारात उभ्या असलेल्या पोरीला म्हणाली, "ये गो. तूच मळ पीठ. तू बघशीत तसाच करूया."

मग तुझी नात ओट्याशी आली. तांदूळ, उडीद, मेथी घरघंटीत दळलेले तिने बघितले होते, तरी परत बघितले. मीठ तिने घातलं, पाणी तिने घातलं, मावशी नुसती तोंडाने सांगत होती आणि तिला करू देत होती. पहिले वडे फाटले. मावशी म्हणाली, "मूठ नाय ना," आणि जीभ चावली. पोरगी मोठ्याने हसली. फुगले नाहीत ते वडे, आई. चपटे, कडेला चिरलेले, आणि खायला झकास. तुझं पान तिने वाढलं. नंतर आम्ही सगळे बसलो. मी तिच्या पानावर खीर वाढली आणि तिचं तोंड उघडायची वाट बघत थांबले. तिने खीर संपवली, वाटी पुढे केली आणि म्हणाली, "अजून दे ना." काय आहे, कुठलं आहे, काही विचारलं नाही. मी डाव घेऊन तशीच उभी, तर मावशी म्हणते, "वाढ गो, बघतंस काय?"

हे लिहून तुझ्या पानाखाली सरकवायचं असं सकाळी मनात होतं. नाही सरकवलं. पान कधीच उचललं आणि कागद अजून माझ्यापाशीच आहे. एवढा तोरा मिरवतेय तर एक कबूल करते. तू आज खरोखर समोर पाटावर बसली असतीस ना, तर पोरीकडे पाठ करून, ओट्याच्या कोपऱ्यात, मी तुझ्यापुरत्या दोन चपात्या लाटल्या असत्या.