लांबलेली भुजा

३ तारीख, सोमवार

आधी तब्येती. माझे गुडघे — कुरकुरतात, पण चालवतात. नातीचा खोकला गेला. मांजरीच्या कानावरची जखम सुकली. आणि आमची धाकटी जाऊ? ठणठणीत! दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला अंगात बळ लागतंच की.

नात वेधशाळेत नोकरीला आहे. तिथे येणाऱ्या अंध मुलांसाठी तिला एक दीर्घिका भरून हवी आहे — बोटांनी चाचपता येईल अशी. ताऱ्यांचा अवाढव्य भोवरा. काळं कापड, जाड दोरा, साखळी टाका, महिनाअखेर द्यायची. भुजा दोन. एक छान गोल वळलेली, दुसरी पार ताणून बाहेर गेलेली. शेजारून दुसरी दीर्घिका गेली, तिने ओढली म्हणे!

धाकटी बाजूला बसून दोऱ्याचा रंग, उजेड, माझी बसायची पद्धत — सगळ्यावर बोलते. तोंडाला विसावा म्हणून नाही.

६ तारीख

लांबलेली भुजा झाली. कंबरेचा काटा ढिला झाला, पण झाली.

७ तारीख

काय करू या बाईचं! बाजारातून आले तर भुजा उसवलेली. जागी नवी भरलेली — पहिलीसारखीच गोल, नीटनेटकी!

"ताई, तुमची वाकडी गेली होती. म्हटलं, लोक हसतील. गुपचूप सुधारली."

"वाकडीच आहे ती! आकाशातच वाकडी आहे!"

"आकाशात असेल हो. कापडावर कशाला?"

कपाळावर हात मारून घेतला. मग नको ते बोलून गेले — माझ्या घरात माझ्या कामाला हात लावायचा नाही! 'माझ्या' घरात. जन्मभर दोघींनी मिळून झाडलेलं घर.

तिने सरळ बॅग काढली.

८ तारीख

गेली लेकाकडे. बरं झालं. घर कसं शांत!

११ तारीख

तिचे टाके उसवायला बसले. निघतील तर शपथ! एवढा घट्ट टाका घालतं का कुणी? डोळ्यांत पाणी आलं — सुई टोचली म्हणून. भुजा पुन्हा भरली.

चहा सवयीने दोन कप झाला. चडफडत दोन्ही मीच प्याले.

१४ तारीख

नात आली. धाकटीचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. डोळे मिटून कापडावर बोटं फिरवली.

"आजी, ही भुजा अशी कुठे पळत सुटलीय?"

"शेजारणीने ओढलीय. तूच सांगितलंस ना?"

"पण शेजारीण कुठाय?"

भरतकामाच्या रिंगमध्ये मावेना, म्हणून ती भरलीच नव्हती मी! म्हटलं, भरायची मोठी आहे, बाकीचं काय करायचंय.

"मग धाकट्या आजीला कळणार कसं? कुणालाही वाटणार, तुझाच टाका चुकला!"

भयंकर चिडले. नातीवर नाही.

१५ तारीख

आज पानाशी बोलणं नाही. कापडाबरोबर जाणारी चिठ्ठी तेवढी उतरवून ठेवते —

"धाकटे, तुझी पाठ कशी आहे? तू ठणठणीत आहेस असं धरून चालते मी, विचारायचं राहूनच जातं. मोठी मी भरली आहे. उजवीकडे जागा सोडलीय, तिथे शेजारीण तू भर. गाठीचा टाका मला तुझ्यासारखा येत नाही. घट्ट घाल, कुणाला उसवता येऊ नये असा. 'माझं घर' म्हणाले, ते चुकलं. कापड टपालाने धाडू नकोस, स्वतः घेऊन ये. कधी येतेस, ते लगेच कळव."