शुक्रवारी काढायचे प्लग

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पीसी गेला. दुपारी लाईट आली तेव्हा आतून फट् असा आवाज आला म्हणे, मग जळका वास. मी कंपनीत होतो. घरी आलो तर उन्नती बंद स्क्रीनसमोर बसलेली. शाळेचा ड्रेससुद्धा बदलला नव्हता.

शुक्रवारी लाईट जाते यात नवीन काय? चिखलोलीतलं शेंबडं पोरही सांगेल. सकाळी जाते, दुपारी येते, आणि येते ती दणकून. म्हणून सुषमा ऑफिसला निघण्याआधी घरभर फिरायची – फ्रिज, टीव्ही, पीसी, सगळ्यांचे प्लग काढून ठेवायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही म्हणायची. मी चेष्टा करायचो, निघाली बघा वायरमनबाई!

ती ऑगस्टमध्ये गेली. तेव्हापासून प्लग कोणी काढले नाहीत. इतके शुक्रवार निभावलं, आज भोवलं.

उन्नती एवढंच म्हणाली – "मम्मीने काढला असता." खरं आहे. मी खिचडी टाकली. दोघं जेवलो. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय. चिमटा काढला तरी दुसऱ्याच्या गालाला काढल्यासारखा.

८ नोव्हेंबर

राजरत्नला फोन केला. सुषमाचा धाकटा भाऊ, बदलापूरला राहतो. हा पीसी त्यानेच पार्ट आणून जोडून दिलेला. सध्या कंपनीच्या कामाला चेन्नईत आहे.

"दाजी, एसएमपीएस उडालाय. तो मागचा पॉवर सप्लायचा डबा. बाकीचं बहुतेक वाचलं असेल." मग म्हणाला, "पण नवीन घेताना भंगार घेऊ नका. लोक ग्राफिक कार्डावर पैसे उधळतात आणि हा मिळेल तो उचलतात. फालतू असला तर जाताना एकटा जात नाही. बोर्ड, कार्ड, डिस्क, सगळं घेऊन जातो."

फोन स्पीकरवर होता. डिस्क म्हटल्यावर उन्नतीने मान वर केली.

"मामा, डिस्कमध्ये आमचं शेत आहे."

"दुसरीकडे कुठे सेव्ह नाही केलंस?"

"नाही."

"मग डिस्क काढून ठेवू या का, मी आलो की –"

"कोणी काहीही काढायचं नाही." आणि आत निघून गेली. मी फोन ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

ते शेत म्हणजे गेम. मायलेकी जेवण झाल्यावर खेळायच्या, एक रिमोट हिच्याकडे, एक तिच्याकडे. विहीर, कोंबड्या, भाताचं खाचर. सुषमाचं माहेर वांगणीच्या पुढचं. लहानपणी लावणीच्या चिखलात उतरायला नको म्हणून आजारी पडायची, असं ती स्वतःच सांगायची. आणि इथे बसून गेममधल्या कोंबड्यांना दाणे टाकायची! गालावर तो स्क्रीनचा उजेड.

ऑगस्टमध्ये त्या दिवशी खेळ अर्ध्यात सोडून उठली. पोटात दुखतंय म्हणाली. उन्नती म्हणत होती, मम्मी, भात उद्या पिकणार, थोडंच राहिलंय. ती म्हणाली, मग उद्या कापू. त्यानंतर दवाखाना आणि त्यानंतर काही नाही.

ती गेल्यावर एकदा दारातून पाहिलं होतं. पडद्यावर अंगणात दोन बायका. निळ्या झग्यातली, टोपीवाली – ती सुषमाची – नुसती उभी. उन्नतीची तिच्याभोवती फिरतेय. कोंबडा आरवतो, थोडं फिरणं, पीसी बंद. दुसऱ्या दिवशी परत तेच अंगण, तोच कोंबडा. मी विचारलं, पुढे नाही का जात? म्हणाली, एकटीने जात नाही. मी बरं म्हटलं आणि पेपर उघडला.

११ नोव्हेंबर

हाफ डे टाकून उल्हासनगर. कॅम्प दोनमध्ये कॉम्प्युटर पार्टच्या गल्लीत शिरलो. पहिल्याच दुकानात शेठने डबे काउंटरवर मांडले. सगळ्यांवर सहाशे वॉट छापलेलं.

"यातला चांगला कोणता?"

"भाऊ, हात में लो ना. वजन बघ."

वजन! मी अंबरनाथ एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो. बेअरिंग असो, तांब्याची तार असो, आलेला माल मी आधी हातावर तोलतो. हलका म्हणजे खोटा. एक डबा हलका निघाला, तो बाजूला सारला. एक विटेसारखा जड. तोच घेतला. शेठ म्हणाला, "परख आहे तुमको." बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी बरं वाटलं, तर तेही असलं.

उन्नतीला दाखवला. हात लावला नाही तिने. "मामाला विचारा आधी."

१२ नोव्हेंबर

विचारलं.

"दाजी, वॉट कोणीही काहीही छापतो. बाजूच्या स्टिकरवर तक्ता असेल. त्यात बारा व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत?"

"सोळा."

"आता गुणाकार करा."

बारा सोळा एकशे ब्याण्णव. सहाशे कुठले, दोनशेसुद्धा नाहीत! म्हणाला, कार्ड आणि प्रोसेसर त्याच लाईनवर चालतात, गेम लावला की याचा दम तिथेच निघणार.

"पण जड आहे रे चांगला."

"पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून बघा."

मारला. आत पार्ट थोडेसे, आणि एका कडेला लोखंडाची पट्टी. कशालाच जोडलेली नाही, नुसती चिकटवलेली. वजनासाठी! आणि हे मी, स्टोअरवाल्याने, तोलून-मापून आणलं. कंपनीत कळलं तर पोरं तोंडावर हसतील. हा लावला असता आणि ते शेत जळलं असतं, तर उन्नती माझ्याशी परत बोलली असती का? नसती. हे मला स्पष्ट दिसलं आणि पहिल्यांदाच भीती वाटली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लाईट गेली. प्लग राहिलेच. कंपनीत पोचल्यावर आठवलं. फ्रिज वाचला, नशीब.

१६ नोव्हेंबर, रविवार

उन्नती म्हणाली, मी पण येते. खोटा डबा घेऊन आधी त्याच शेठकडे. मी पट्टी दाखवली. शेठ शांतपणे चहा पीत म्हणाला, "मैंने कब बोला चांगला आहे? मी बोललो, वजन बघ."

आता याला काय म्हणायचं! मी तोंड उघडणार तोच बाजूला काहीतरी आवाज झाला. उन्नती हसत होती. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत – डिट्टो सुषमा. माझी भांडणाची हवाच गेली. शेठने डबा परत घेतला. पैसे देईना, माऊस आणि पॅड गळ्यात मारला. घेतला.

मग पुढच्या गल्लीत दुसरं दुकान. यावेळी उन्नतीच बोलली. पोरगी मामाकडून सगळं लिहून घेऊन आली होती मोबाईलवर. साडेपाचशे वॉट पुरे, पण खरे हवेत. बारा व्होल्टवर चाळीसच्या वर अँपिअर. वीज वाया न घालवणारा, म्हणजे ऐंशी प्लस ब्रॉन्झचा शिक्का. व्होल्टेज चढलं तर स्वतः बंद पडणारा. पक्कं बिल, त्यावर डब्याचा नंबर, पाच वर्षांची वॉरंटी. दुकानदाराने निमूट वरच्या फळीवरचा खोका काढला. मी सवयीने हातावर तोलायला गेलो. तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. ठेवला.

येताना दाल पकवान खाल्लं. सुषमाला आवडायचं. दोघांनाही ते आठवलं. उन्नतीने मात्र प्लेट पूर्ण संपवली.

१७ नोव्हेंबर

खोका कपाटावर ठेवलाय. मामा शनिवारी येतोय, तोवर हात लावायचा नाही असा हुकूम आहे.

१९ नोव्हेंबर

काही विशेष नाही. वांगं करपलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काढले. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, राऊटर. मेलेल्या पीसीचाही काढला. सुषमा ज्या क्रमाने फिरायची त्याच क्रमाने फिरलो. शेवटचा प्लग बेडरूमचा, पलंगाच्या मागे, तिच्या बाजूला. वाकलो आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिलो. कंपनीत उशीर झाला, खोटंच सांगितलं, रिक्षा मिळाली नाही.

उन्नतीने दारातून पाहिलं असावं. डबा भरताना म्हणाली, "गीझरचा राहिला."

२२ नोव्हेंबर

राजरत्न आला. जुना डबा उघडला, आत काळं झालं होतं. नवा बसवला, एकेक वायर उन्नतीकडून लावून घेतली. बटण दाबायची वेळ आली तर कोणीच पुढे होईना. शेवटी त्यानेच दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन आली. डिस्क शाबूत. राजरत्न बाथरूममध्ये गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. नळ चालू होता.

उन्नतीने गेम उघडला नाही. म्हणाली, उद्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

"पप्पा, जरा या." सुषमाचा रिमोट माझ्या हातात दिला. "मम्मीला घरात न्या. पलंगापर्यंत. दोघी झोपल्याशिवाय यात दिवस संपत नाही, सेव्हही होत नाही."

म्हणजे ऑगस्टपासून ही रोज त्याच एका सकाळी जात होती.

मला चालवता येईना, सुषमाला कुंपणावर आपटलं, विहिरीला धडकवलं. उन्नती हसली नाही, रागावलीही नाही. "सावकाश." अंगण, पायरी, दार. झोपवलं तिला. मग उन्नती तिच्या पलंगावर. पडदा काळा झाला आणि मी रडायला लागलो. उन्नतीही.

कोंबडा आरवला. भात पिकला होता.

"घ्या पप्पा," ती नाक पुसत म्हणाली, "कापायला लागा."