पिवळ्या झाकणाची बरणी

३ जून

आजपासून रोजनिशी. वाचणारा मीच. पण उद्या माझ्या वेलीचं मलम घरोघरी पोचलं आणि कुणी विचारलं की साहेब, सुरुवात कशी झाली, तर सगळं तारीखवार हाताशी असलेलं बरं.

आज मीटिंगमध्ये संचालक मॅडमनी सांगितलं की यंदा आपल्या संस्थेतून एकच औषध माणसांवरच्या चाचणीला जाणार. उमेदवार दोन. पहिलं माझं. जखम भरून काढणारं, पानांच्या अर्काचं, नैसर्गिक. दुसरं साडूचं. वेदना कमी करणारं, लॅबमध्ये जोडलेलं नवं रसायन. त्याला अजून धड नावही नाही, नुसता नंबर. सतरा.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याच संस्थेत, माझ्याच मजल्यावर, आणि नोकरीसाठी शब्द टाकला होता तोही मीच. मत्सर माझ्या स्वभावात नाही. हे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

संकल्प: साडूकडे लक्ष द्यायचं नाही. लिफ्ट बंद, जिना चालू.

४ जून

साडूने नवा चष्मा घेतला. मॅडम म्हणाल्या, शोभतो हो. माझा चष्मा बरीच वर्षं शोभतोय, कुणी बोललेलं नाही.

जिना उद्यापासून.

७ जून

प्रयोग ठरला. सगळा कारभार पशुवैद्य बाईंकडे. पांढरे उंदीर, तीन गट. भूल देऊन प्रत्येकाच्या पाठीवर एक छोटी, अगदी सारखी जखम. मलमाच्या तीन बरण्या. एकीत साधं मलम, औषध काहीच नाही. दुसरीत त्याच मलमात माझा अर्क. तिसरीत त्याच मलमात साडूचं सतरा. झाकणं लाल, पिवळं, निळं. कुठल्या झाकणाखाली काय, हे शेवटपर्यंत फक्त बाईंना ठाऊक. मोजायच्या गोष्टी दोन. जखम किती भरली आणि जखमेशेजारी हलकंसं टोचल्यावर उंदीर किती दचकतो.

मी बाईंना सहज विचारलं, पिवळ्यात काय आहे. म्हणाल्या, मलम.

साडूने विचारलंसुद्धा नाही. याला काही लोक आत्मविश्वास म्हणतात. मी बेफिकिरी म्हणतो.

१२ जून

पिवळे उंदीर झपाट्याने सुधारताहेत. जखमेच्या कडा कोरड्या, गुलाबी, आत सरकणाऱ्या. मी पिंजऱ्यासमोर उभा राहिलो आणि ओळखलं. आपलं पोर ओळखायला बापाला रिपोर्ट लागत नाही.

या वेलीपायी एक तप गेलंय. संस्थेच्या मागच्या भिंतीवर वाढते. एकदा तिथेच पत्र्याने हात खरचटला, सहज पान चोळलं, आणि आठवड्यात जखम गायब. दुसरा कुणी असता तर हात झटकून निघून गेला असता. मी थांबलो. शास्त्रज्ञ आणि इतर यांत हाच फरक.

लाल गटाचे उंदीर टोचलं तरी ढिम्म. खातात, पितात, बसतात. मुळातच आळशी निघाले असावेत. त्यांना साधं मलम. निळ्यांचं मात्र काही खरं नाही. कडा सुजलेल्या, लालभडक, सारखे पाठ खाजवतात. निळं म्हणजे सतरा, हे सांगायला ज्योतिषी नको. बिचारे उंदीर. साडूचं वाईट वाटलं. दिवसभर वाटत होतं. दुपारी त्या आनंदात एक जास्तीचा चहा झाला.

१५ जून, रविवार

सासूबाईंकडे जेवण. खिडकीजवळची वेताची खुर्ची साडूला. मला स्टूल. सासूबाईंनी त्याला विचारलं, तुमचं ते दुखण्यावरचं औषध माझ्या गुडघ्याला कधी मिळणार. मला विचारलं, न्हाणीघराचा नळ बघितलात का.

साडू स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. भराभर, बघतच राहावं असा. ही आणि मेव्हणी दोघी शेजारी उभ्या राहून हसत होत्या. घरी मी काही बोललो की ही इतकी हसत नाही. मीही सुरी घेतली. त्याच्यापेक्षा भराभर चिरला. तिसऱ्या कांद्याला अंगठा कापला.

कापूस घेऊन पहिला धावला साडूच. हात वर धरा दादा, दाबून धरा, म्हणाला. मी म्हटलं, काही नको, माझ्या बॅगेत माझं औषध आहे. सगळ्यांसमोर अर्क काढून अंगठ्याला चोपडला. पट्टीसुद्धा नको म्हटलं, निसर्गाला हवा लागते. ही म्हणाली, हे अजून माणसांवर वापरायची परवानगी नाही ना? मी म्हटलं, मी माणूस म्हणून लावत नाहीये, संशोधक म्हणून लावतोय. सासूबाई म्हणाल्या, ते दिसतंच आहे.

१७ जून

अंगठा सुजला. उत्तम लक्षण. औषध लागू पडायला लागलं की शरीर आधी प्रतिकार करतं.

१८ जून

अंगठा ठणकतोय, म्हणून थोडक्यात. अंगठ्याकडे बघून ही म्हणाली, निळ्या उंदरांच्या कडा सुजल्यात, लाल झाल्यात, असं तुम्हीच सांगत होतात ना. हे तसंच दिसतंय. मी शांतपणे समजावलं. ती सूज साडूच्या रसायनाची, ही माझ्या अर्काची. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. तिने एकदा अंगठ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गॅस बारीक करायला वळली.

संस्थेत हात खिशात. साडूने तरी पाहिलंच. म्हणाला, दादा, डॉक्टरांना दाखवा, असं अंगावर काढू नका. त्याच्या ड्रॉवरमध्ये सतराची ट्यूब असते. क्षणभर डोळ्यांसमोर आली. मागणार नव्हतोच. ड्रॉवरला कुलूप आहे हे मात्र जाता जाता दिसलं.

२० जून

फॅमिली डॉक्टर. म्हणाले, कसली तरी अ‍ॅलर्जी आहे, काय लावलं होतंत? म्हटलं, काही नाही, पाण्याने धुतला. त्यांनी अंगठा पुन्हा उलटसुलट पाहिला. मग गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, ते पाणी आता लावू नका.

२३ जून

सूज उतरली. अर्काने उशिरा का होईना, गुण दिला. गोळ्या चालू होत्या, पण ते निमित्त.

२४ जून

आज मीटिंगमध्ये मी असा एक डाव टाकला की त्याला डाव म्हणणंही चूक, ती विज्ञानाची सेवा होती. मी सुचवलं, आधीच नियम करून ठेवू. साध्या मलमापेक्षा ज्याचा निकाल वाईट येईल ते काम त्याच दिवशी बंद. दुसरी संधी नाही, रडारड नाही.

साडू म्हणाला, दादा, घाई होतेय. पहिल्याच प्रयोगात मात्रा चुकू शकते. कमी करून परत बघायला हवं, तुमचंही आणि माझंही. माझंही, म्हणे. मी म्हटलं, विज्ञानात नातीगोती नसतात. हे वाक्य काल आरशासमोर म्हणून बघितलं होतं, आज त्याहून छान आलं.

मॅडमनी विचारलं, दोघांना मान्य? साडू माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी सांगायचं होतं त्याला. मग त्याने मान हलवली आणि मॅडमनी नियम मिनिट्समध्ये घातला.

घरी हिला सांगितलं. म्हणाली, धाकटीच्या संसारावर का उठलात? मी म्हटलं, उठलो नाही, बसूनच बोललो. जेवण वाढून ठेवून ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

२६ जून

घरात अबोला. बायकांना दूरचं दिसत नाही. साडूचं काम बंद पडलं तर मी त्याला माझ्या टीममध्ये घेणारच आहे. जरा खालच्या जागेवर, पण सन्मानाने. सुरुवातीला त्याला जड जाईल. मी सांभाळून घेईन.

पाच मिनिटांचं भाषण लिहून काढलं. त्यात साडूचं कौतुक दोन ठिकाणी. नंतर एक काढलं.

२८ जून

पिवळा शर्ट घेतला. योगायोग. कँटीनवाल्यापासून अकाउंट्सच्या बाईंपर्यंत सगळ्यांना एव्हाना ठाऊक आहे की पिवळं कुणाचं. मी कुणाला मुद्दाम सांगितलेलं नाही. लोक विचारतात, कसं काय चाललंय. त्यांना उत्तर तर द्यावं लागतं.

३० जून, सकाळी

आज निकाल. शर्टाला इस्त्री. भाषण खिशात. हिने अबोला सोडून म्हटलं, दुसरा शर्ट घाला. का, तर उगीच. मी नाही ऐकलं.

साडू लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, शर्ट छान आहे दादा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत.

३० जून, दुपारी

पिवळं: साधं मलम.

३० जून, संध्याकाळी

पूर्ण नोंद हवी म्हणून लिहितो. लाल म्हणजे सतरा. उंदीर आळशी नव्हते, त्यांना दुखतच नव्हतं. आणि जखमाही साध्या मलमाइतक्याच भरल्या, तसूभर कमी नाही. निळं म्हणजे मी. पशुवैद्य बाई म्हणाल्या, या पानात कातडीला चिडवणारं काहीतरी आहे. लावलं नसतं तर जखमा लवकर भरल्या असत्या. त्या हे कुणालाही न दुखावता बोलल्या. त्यामुळे जास्त लागलं.

खरचटलेल्या हाताचं मी सांगायला लागलो. बाईंनी विचारलं, तेव्हा दुसऱ्या हाताला खरचटलं होतं का, पान न लावलेल्या? नव्हतं खरचटलं.

मॅडमनी नियम वाचून दाखवला. माझ्याच शब्दांत होता. शब्द चांगले निवडले होते, हे आत्ताही म्हणेन.

तेवढ्यात साडू उभा राहिला. म्हणाला, हा नियम बरोबर नाही. वेलीला कमी मात्रेत अजून एक संधी द्या, तोवर माझं सतरा थांबेल. मॅडम म्हणाल्या, दोघांनी मान्य केलं होतं. तो म्हणाला, मी माझी संमती परत घेतो. सगळे माझ्याकडे बघताहेत. माझा शर्ट त्या खोलीत सगळ्यात उजळ. मी म्हटलं, राहू दे. नियम वाचून झाल्यावर मी बोललेला शब्द म्हणाल तर एवढाच.

तो हरला असता तर मी असा उभा राहिलो असतो का, हे मनात आलं. छातीत जळजळ होत होती. अ‍ॅसिडिटी असावी.

निघताना मागच्या भिंतीपाशी जाऊन आलो. वेल हिरवीगार, नवी पालवी फुटलेली. तिला काही कळवलं नाही.

२ जुलै

मॅडमनी बोलावलं. साडूने मला त्याच्या टीममध्ये मागून घेतलंय. म्हणाला म्हणे, जनावरांकडे दादांइतकं चिकाटीने रोज कुणी बघत नाही. जागा त्याच्या शेजारच्या टेबलाची. किंचित खालची, पण सन्मानाची.

नोंद: त्याचं माझ्यावाचून अडतंय.

३ जुलै

जेवण जात नाही. वजन कमी करायचंच होतं.

६ जुलै, रविवार, दुपारी

सासूबाईंकडे जेवण. आजचा दिवस लाल अक्षरांत लिहायला हवा होता, पण लाल रंग आता आवडत नाही.

जेवणानंतर साडू मला गॅलरीत घेऊन गेला. बराच वेळ कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, दादा, एक सांगू का. मला तुमचा कायम हेवा वाटत आलाय. मी विचारलं, कशाचा? म्हणाला, तुम्हाला कधी शंका येत नाही. मी एकेक गोष्ट दहादा तपासतो, तरी अकराव्यांदा परत बघतो. तुम्ही एकदा बघता आणि निर्धास्त होता.

म्हणजे इतकी वर्षं जळत होता तो तर. आणि मी उगाच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस, हळूहळू जमेल. त्याने मान हलवली. आत येऊन दुसऱ्यांदा जेवलो. नळही बघितला. वॉशर गेलाय.

६ जुलै, संध्याकाळी

हिला गॅलरीतलं सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, बरं झालं बोलला एकदाचा. मी विचारलं, म्हणजे? तेव्हा कळलं. मी जेवत नाही म्हणून हिनेच धाकटीला फोन केला होता, की भावजींना म्हणावं, यांच्याशी दोन शब्द चांगले बोला. पण तो पडला संकोची, त्याला काही सुचेना. दोन दिवस विचार करत होता.

मी विचारलं, मग ते वाक्य धाकटीने शिकवलं का? ही म्हणाली, नाही. उशीचा अभ्रा तोंडापाशी धरला. मग म्हणाली, जावईबापूंना कधी शंका येत नाही, हे आईचं. आपलं लग्न झाल्यापासून म्हणतेय ती.

असेल. पण आई नुसतं शंकेचं म्हणत असणार. हेव्याचा शब्द त्यांचा नाही. तो साडूचाच, अगदी मनापासूनचा. त्याबद्दल मला काडीचीही शंका नाही.