पातळ सोलचे बूट

३ फेब्रु.
निमलष्करी दलाची लेखी परीक्षा पास झाले. १८ मार्चला मैदानी, म्हणजे धावायचं. वयामुळे हा शेवटचा चान्स. आज पळून बघितलं, दोन फेऱ्यांत तळवे पेटले. चार वर्षं दिल्लीत, मुनिरकातल्या खोलीत खुर्चीवर बसून अभ्यास केल्यावर दुसरं काय होणार.

५ फेब्रु.
फिजिओ मॅडमनी पायाच्या अंगठ्याखाली कार्ड ठेवलं. "दबाकर रखो." ओढलं, सरळ निघालं. पावलाचे स्नायू झोपलेत म्हणे. जाड गादीच्या बुटांत त्यांना कामच उरत नाही. पातळ सोलचे बूट घालून रोज थोडं चालायचं, स्नायू भरतात, ताकद येते. पण हळूहळू. पळायचं नाही इतक्यात.

६ फेब्रु.
बूट करोल बागेत मिळाले. पुढून रुंद, सोल भाकरीएवढा पातळ. रूममेट रुबीना, लातूरची, म्हणाली, "अगं यापेक्षा अनवाणीच जा ना, फुकटात."
चालताना जमीन कळते. खडा, फट, उतार. जतला शाळेत जाताना आम्ही मुली चपला हातात धरायचो, झिजू नयेत म्हणून. फाटकाशी पाय झटकून घालायच्या. ती गरम धूळ, बोटांच्या बेचक्यात... किती वर्षांनी आठवलं.

२२ फेब्रु.
कार्ड धरलं. मॅडमना दोनदा ओढावं लागलं. घरी फोन. अण्णा हसले, "लेकी, तुझी बोटं अशी फाकलेली, तुला कुठला बूटच होत नव्हता." आई मागून, "आणि पळायची बघा कशी." बराच वेळ तेच बोलत बसलो.

२७ फेब्रु.
मॅडम म्हणतात फक्त चाल. त्यांना काय माहीत, आम्ही दहावीपर्यंत ढेकळांतून अनवाणी पळालोय. त्याच बुटांत सहा फेऱ्या, डांबरी रस्त्यावर. मस्त.

१ मार्च
परत. आठ. रुबीना ओरडली, ऐकलं नाही.

४ मार्च
डावं पाऊल सुजलं. बोटांच्या मागे एका जागी हात लावू देत नाही. मॅडम चिडल्या, "हड्डी पर लोड आ गया. मसल्स को महीनों लगते हैं." एक्सरे साफ, पण हाडाची बारीक चीर एवढ्यात दिसतही नाही म्हणे. विश्रांती.
रडले. लहानपणीचे पाय अजून माझेच आहेत असं धरून चालले होते मी.

१७ मार्च
सूज उतरली. जिना चढताना कळ येते, सपाटीवर नाही. मॅडमना विचारलं, उद्या पळू का. "तुम्हारी जगह मैं होती तो नहीं भागती." अण्णा म्हणाले, "नाही गेलीस तरी तुला कुणी काही बोलणार नाही." त्यानंच जास्त रडू आलं.
हॉल तिकीट, पाणी बॅगेत. सकाळी सहाला रिपोर्टिंग, रुबीना सोबत येतेय. मध्येच कळ आली तर थांबायचं, असं तिनं वदवून घेतलंय. हो म्हणाले मी. मला नाही वाटत मी थांबेन.