चादरीचं दुसरं टोक

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

चिमणे,

आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल. तुझे भावोजी सकाळपासून खिडक्या रंगवताहेत. खिडकीपेक्षा शर्टालाच रंग जास्त लागलाय.

सुट्टीत आले नाही म्हणून तू रुसलीस. मान दुखते असं कळवलं होतं, ते खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं. फोनवर सांगायला गेलं की तोंडातून ‘सगळं छान’ एवढंच निघतं, म्हणून लिहिते आहे.

आमच्या इस्पितळाच्या लाँड्रीत नव्या सुपरवायझर बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी डाग राहिलेल्या चादरी वॉर्डात पाठवायला काढल्या. मी म्हटलं, “बाई, या परत धुवायला हव्यात.” एवढंच. त्या हसून म्हणाल्या, “हुशार आहात की!”

दुसऱ्या दिवशी मला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. एकटीला. एवढ्या मोठ्या चादरीची घडी दोघी मिळून घालतात गं, एकेक टोक धरून. “हुशार माणसाला मदत कशाला?” बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले. म्हटलं थट्टा आहे, विरेल.

विरली नाही. चादर हनुवटीखाली दाबून घडी घालायला शिकले मी. माझ्या घड्यांचा ढीग लहान राहायचा, म्हणून रोज बोलणी. “राणीसाहेबांना डुलकी लागली वाटतं.” मी चहाला गेले की गप्पा बंद. हळूहळू मलाच वाटायला लागलं, आपलाच हात मंदावलाय. सुट्टी मागायची हिंमतच होईना. तुझ्यासाठी गल्लीतल्या पोरांच्या अंगावर धावून जाणारी मी. हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

शेवटी मान धरली. वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरांकडे गेले. तुझ्याएवढीच मुलगी.

“काम काय करता?”

“चादरींच्या घड्या.”

“दुसरं टोक कोण धरतं?”

“कुणी नाही.”

“का?”

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि स्वतःचाच आवाज कानावर पडला, “कुणी धरायचं नाही असं सांगितलंय.” तोवर हे वाक्य मी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

ती लिहायची थांबली. म्हणाली, “मावशी, मान मी बरी करीन. पण हा छळ आहे. तो मानेत नाहीये.”

घरी येऊन तुझ्या भावोजींना सगळं सांगितलं. ते तावातावाने चप्पल घालायला लागले, त्यांना खाली बसवलं. सकाळी बाईंना सगळ्यांसमोर विचारलं, “आज माझ्याबरोबर कोण?” आवाज चढवला नाही. बाई म्हणाल्या, “दमलात का?” मी म्हटलं, “हो, दमले. एकटीचं काम नाही हे.” कुणी जागचं हललं नाही.

मग मी व्यवस्थापकांकडे गेले. बरोबर यायला बायकांपैकी कुणी तयार नव्हती. आले ते इस्त्रीवाले काका. जन्मात चार शब्द न बोललेला माणूस, तिथे म्हणाला, “साहेब, आम्ही सगळे बघत होतो. मीही.” आणि मान खाली घातली.

बाई आहेत अजून. पण आता कुठल्याही टेबलावर दोघी असल्याच पाहिजेत, असं व्यवस्थापकांनीच ठरवून दिलंय. बाई माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्याने माझं काही अडत नाही. पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर आली ती सगळ्यांत मोठ्याने हसणारी पोर. नजर वर करेना. पुष्कळ बोलावंसं वाटलं. शेवटी एवढंच म्हटलं, “ताणून धर गं, सुरकुती राहतेय.”

सगळं मिटलं असं नाही. अजून कुणी मागून हसलं की खांदे आखडतात.

सुट्टी मंजूर झालीय, शुक्रवारी येते आहे. दारात तुला बघून रडू आलं तर घाबरू नकोस, आणि लगेच गप्पही करू नकोस.

तुझी,
या वेळी काही न लपवणारी,
ताई